रंगुबाईच्या पेशी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. शिरवळ

आले एकदाची! आटपाडीहून सकाळच्या एसटीनं निघाले ती दहिवडी, फलटण, लोणंद करत दुपारी दोनला शिरवळच्या स्टँडवर उतरले. एक ट्रंक, एक पिशवी आणि आईनं दिलेल्या चौदा भाकरी. चौदा! जणू मी लढाईला निघालेय.

खोली छान आहे. बनुबाई नावाच्या मावशींच्या घराचा वरचा मजला. खिडकीतून महामार्ग दिसतो, आणि ऊस भरलेले ट्रॅक्टर. मावशींनी आल्याआल्या विचारलं, काम कसलं करणार गं? मी सांगितलं, जखम लवकर भरून आणणारं औषध बनवतात, त्या प्रयोगशाळेत. त्या म्हणाल्या, मग माझ्या टाचांच्या भेगांचं बघ आधी.

अण्णांचा फोन झाला. त्यांचा प्रश्न याहून साधा. "आपल्या मेंढरांच्या खुरांवर चालंल का गं ते?" म्हटलं, आधी उंदरांवर चालू द्या. खूप हसले. पोरगी एम.एस्सी. झाली तेव्हाही इतके हसले नव्हते.

उद्यापासून रोज लिहायचं. निदान जे लिहिण्याजोगं असेल ते.

६ नोव्हेंबर

काम समजायला लागलंय. संस्था छोटीच. प्रमुख डॉक्टर उदयसिंह, सगळे नुसतं ‘सर’ म्हणतात. सकाळी माझ्या आधी येतात, डबा स्वतः धुतात. आणि क्रांती, इथली जुनी तंत्रज्ञ, कराडची. तिनंच मला सगळं शिकवलं. तिचा हात इतका स्थिर आहे की तिनं पिपेट, म्हणजे थेंब मोजून टाकायची नळी, धरली की बघत राहावं.

सरांनी एक पेप्टाइड बनवलंय. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा अगदी लहान तुकडा. हा निसर्गात नाही, यंत्रावर एकेक दुवा जोडून तयार केलेला. त्याला इथं नुसतं ‘चौदा’ म्हणतात, कारण आधीचे तेरा फसले. माणसाच्या कातडीच्या पेशी प्लास्टिकच्या प्लेटमध्ये वाढवायच्या. त्यांचा सलग थर झाला की त्यावर पिपेटच्या टोकानं एक सरळ रेघ ओढायची. ती रेघ म्हणजे जखम. मग चौदाचे दोन थेंब टाकायचे आणि दोन्ही काठांच्या पेशी सरकत सरकत ती रेघ किती तासांत बुजवतात ते बघायचं.

आज मी पहिली रेघ ओढली. थोडी वाकडी आली. क्रांती म्हणाली, पहिली सगळ्यांचीच वाकडी येते.

१२ नोव्हेंबर

चौदा खरंच भारी आहे. एरवी जी रेघ भरायला पूर्ण दिवस लागतो ती नऊ तासांत नाहीशी. सूक्ष्मदर्शकाखाली जखम कुठं होती ते शोधावं लागतं.

आपल्याकडे तीन माणसांच्या पेशी आहेत. त्यातल्या ‘आर-एम-२’ नावाच्या सगळ्यांत जोमदार. बाटलीवर एवढंच लिहिलेलं असतं, माणसाचं नाव कधीच नसतं.

एक गंमत. भरून आलेल्या जागी पेशी आडव्यातिडव्या असायला हव्यात. आर-एम-२ च्या सगळ्या एकाच दिशेला टोक करून पडलेल्या. पाणी पाजायला नेताना मेंढरं चालतात तशा. क्रांतीला दाखवलं. ती म्हणाली, रेघेमुळं होतं कधीकधी.

१७ नोव्हेंबर

रेघेमुळं नाही. आज रेघ न ओढलेली प्लेटही घेतली. दुपारी बघितलं, तरी टोकं दक्षिणेकडे, जराशी पूर्वेला कललेली. मुद्दाम प्लेट अर्धी फिरवून परत ठेवली. संध्याकाळी सहाला पेशी पुन्हा वळलेल्या. तिकडेच.

बाकी दोघांच्या पेशींना हे होत नाही. आणि चौदा टाकल्याशिवाय आर-एम-२ लाही होत नाही.

क्रांती म्हणाली, तुझ्या गावाकडे तोंड करून बसल्यात बघ. जेवणाच्या सुट्टीत फोनवरच्या नकाशावर पट्टी ठेवून बघितलं. आटपाडीच्या बाजूला नाही जात रेघ. सातारा ओलांडून खाली सांगलीच्या अंगाला जाते.

सरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि तीस प्लेटी मोजून मग बोल म्हणाले. बरोबर आहे त्यांचं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मोजल्या. तीसच्या तीस.

आज बोट कापलं. चौदा टाकलेल्या आर-एम-२ च्या पेशी पातळ काचेवर घेताना काच पिचली. हातमोजा फाटून उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला खोल गेली. धुतलं, पट्टी लावली, अपघाताच्या वहीत नोंद केली. सर स्वतः जखम बघायला आले. घाबरू नकोस म्हणाले. दुसऱ्याच्या पेशी आपलं शरीर ठेवून घेत नाही, दोन-चार दिवसांत संपवून टाकतं.

२२ नोव्हेंबर

सकाळी पट्टी काढली. जखम नाही. वण नाही. खपली नाही.

फक्त तेवढ्या जागेची कातडी वेगळी आहे. माझ्याहून काळसर, बारीक सुरकुत्यांची. तांदळाच्या दाण्याएवढी.

२५ नोव्हेंबर

दाणा आता शेंगदाण्याएवढा झालाय. दुखत नाही, खाजत नाही, फक्त जरा गार लागतो.

त्यात एक हिरवा ठिपका आलाय. आधी वाटलं शाई. साबण लावला, स्पिरिट लावलं. जात नाही. खाली बनुबाई मावशींना दाखवला. त्या म्हणाल्या, गोंदण हाय की गं. कवा केलंस?

मी कधीच गोंदलेलं नाही.

आणि हे मी शास्त्र शिकलेली मुलगी म्हणून लिहून ठेवते. गोंदण पेशींमध्ये नसतं. ती बाहेरून घातलेली शाई असते. पेशी वाढल्या म्हणून गोंदण उगवत नाही.

२९ नोव्हेंबर

आज मावशींना बरं नव्हतं म्हणून भाकरी मी केल्या. मला भाकरी येत नाही. आईनं नाद सोडलाय. माझी भाकरी थापताना नेहमी चिरते.

आज पाच केल्या. पाचही गोल, पातळ, टम्म फुगलेल्या. मी थापत नव्हते. मी बघत होते. उजवा हात पुढं, डावा त्याच्या मागं मागं. मावशी अंथरुणातून म्हणाल्या, एवढा सराव असलेला हात हाय आणि येत न्हाई म्हणत होतीस व्हय.

गोड लागल्या भाकरी. मी अर्धीवरच उठले.

२ डिसेंबर

जुनी संमतीपत्रं संगणकावर चढवायचं काम सरांनी माझ्याकडे दिलं. तिसऱ्या फाइलमध्ये आर-एम-२ होती.

रंगुबाई, वय एकाहत्तर, माधवनगर, जिल्हा सांगली. साखरेच्या आजारानं पाय सडला होता, मांडीपासून काढला. त्यातल्या चांगल्या कातडीचा तुकडा इकडे आला. ‘काढलेला भाग संशोधनासाठी वापरण्यास माझी हरकत नाही’ हे छापील वाक्य, आणि त्याखाली सहीच्या जागी अंगठा.

तो अंगठा बराच वेळ बघत बसले. मग माझी पूर्ण बाही वर केली. गोंदणाचे ठिपके आता सात आहेत. मनगटापर्यंत.

सरांना हात दाखवला. त्यांनी फोटो काढले, कातडीचा नमुना घेतला, उद्या पुण्याच्या डॉक्टरांकडे जाऊ म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, चौदाला ‘भर’ एवढंच शिकवलंय आपण. ‘थांब’ म्हणायचं अजून शिकवलेलं नाही.

५ डिसेंबर

पुण्याचे डॉक्टर त्वचारोग म्हणाले. मलम दिलं. नमुन्याचा निकाल आज आला. हातावरची कातडी माझी नाही. आर-एम-२ ची आहे. माझं शरीर तिच्याशी भांडतही नाही.

काम करताना मास्कची नाडी तुटली. हातानं ती एका चिमटीत गाठ मारून जोडली. इतकी बारीक गाठ की दिसेना. मी असली गाठ कधी बघितलेलीही नाही.

रविवारी माधवनगरला जायचं ठरवलं.

७ डिसेंबर, रविवार. माधवनगर, मग सांगली स्टँडवर

सगळं नीट लिहिते. उजव्या हातानं लिहायला आज वेळ लागतोय.

सांगलीहून रिक्षा केली. पत्ता अर्धाच होता माझ्याकडे. प्रत्येक वळणावर मी सांगत गेले, इकडून, आता डावीकडं. आत शिरल्यावर यंत्रमागांची खटखट ऐकू आली आणि माझी बोटं आपोआप हलायला लागली, दोरा गुंडाळल्यासारखी.

दोन खोल्यांचं घर. दारात एक म्हातारे बसलेले, रंगुबाईंचे मालक, नाथाजी. मिलमधून निवृत्त. मुलगा फौजेत, सून त्याच्याबरोबर जम्मूला. डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस सावलीसारखा दिसतो म्हणाले. मी म्हटलं, आजोबा, मी समीक्षा, शिरवळहून आलेय, रंगुबाईंना भेटायचं होतं.

ते म्हणाले, "तिला जाऊन दोन वर्सं होत आली, पोरी."

पाय काढल्यावर तीन महिन्यांत गेल्या. आयुष्यभर घरी मागासाठी दोरा गुंडाळून कांड्या भरल्या. शाळेचं तोंड बघितलं नाही. तुटलेला दोरा जोडायची त्यांची गाठ अशी की कापडात शोधून सापडायची नाही.

मी सगळं सांगितलं. कातडीचा तुकडा, पेशी, प्लेटी. हात सोडून सगळं. ते माझ्याकडं सरकून बसले.

"म्हंजी तिचं समदं गेलं न्हाई म्हन की. त्यो तुकडा जित्ता हाय?"

म्हटलं, हो.

"मरंपतूर एकच इचारायची. माझं न्हेल्यालं परत कवा आणणार? मी म्हनायचो, आगं पाय त्यांनी जाळला. ती म्हनायची, न्हाई, काय तरी ऱ्हायलंय, मला कळतंय. समदं गोळा झाल्याबिगर मी कुटं जाऊ?"

निघताना त्यांनी हात पुढं केला. मी चुकून उजवा दिला. त्यांनी धरला, अंगठ्यानं माझी बोटं चाचपली, आणि थांबले. मनगटावरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. एकदा. दोनदा.

"रंगू?" ते म्हणाले.

माझ्या हातानं त्यांचा हात दाबला.

मी दाबला नव्हता.

१० डिसेंबर

सरांना म्हटलं, आर-एम-२ बंद करू. सगळ्या बाटल्या त्या कुटुंबाला परत देऊ. सर ओरडले नाहीत. म्हणाले, समीक्षा, माझं सहा वर्षांचं काम आता या पेशींवर उभं आहे, भाजलेल्या माणसांना यातून कातडी मिळणार आहे. आणि कागद नियमात आहे. मी म्हटलं, तो कागद तिला वाचता येत नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

हात कोपरापर्यंत.

१३ डिसेंबर, शनिवार

क्रांती जेवायला गेली तेव्हा गोठवणाऱ्या टाकीतून आर-एम-२ च्या अकरा कुप्या काढल्या. इन्क्युबेटरमधल्या सगळ्या बाटल्याही. बर्फाच्या डब्यात भरल्या. दारात क्रांती भेटली. तिनं डब्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं, आणि बाजूला झाली.

१४ डिसेंबर, रविवार. हरिपूर

नाथाजी आजोबांबरोबर संगमावर गेले. रंगुबाईंच्या अस्थी इथंच सोडल्या होत्या. आजोबांनी एकेक कुपी हातात घेतली, कपाळाला लावली आणि कृष्णेत रिकामी केली. नदीच्या पाण्यात या पेशी अर्धा तासही टिकत नाहीत. मला माहीत होतं. दोन वर्षं जिवंत ठेवलेली बाई आम्ही मारत होतो.

शेवटच्या बाटलीला आजोबा म्हणाले, "जा आता. समदं दिलं तुला."

हात शांत होता. माझ्या मांडीवर पडून राहिला, झोपलेल्या मुलासारखा. परतीच्या गाडीत मी झोपले. किती दिवसांनी.

१६ डिसेंबर

सरांना जाऊन सगळं सांगितलं. घरी जा म्हणाले, पुढचं नंतर बघू. क्रांतीनं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा डबा दिला. रडली.

मला हलकं वाटतंय. ठिपके फिके झालेत, असं वाटतंय.

१८ डिसेंबर

फिके नाहीत. खांद्यावर पाच आहेत. नवे.

हे मला आधी कसं सुचलं नाही! नदीत सगळं दिलं. आता जगात तिचं जेवढं उरलंय ते फक्त माझ्या अंगावर आहे. बाकी कुठंच नाही. सगळं इथंच गोळा —

१९ डिसेंबर

आईचा फोन. घरी ये म्हणाली. म्हटलं, येते. हात दाखवायची हिंमत नाही. अण्णा हा हात कुऱ्हाडीनं तोडतील. तोडू देऊ का?

उजवा हात अक्षर सोडतोय. ‘क्ष’ येत नाही. ‘ज्ञ’ येत नाही. डाव्यानं लिहितेय हे.

२१ डिसेंबर

नाथाजी आजोबा आज इथं आले. एकटे, एसटीनं, दिसत नाही तरी. फोनवर मी त्यांना सगळं सांगितलं होतं. बनुबाई मावशींच्या पडवीत बसले. माझा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्याच्याशी बोलले. माझ्याशी नाही, हाताशी.

"रंगू, पोरीला सोड गं. ती तिच्या आयबापाची हाय. लय झालं आता. मी बी येतोच की मागनं. थोडी कळ काढ."

हात स्थिर होता. मग हळूच वर गेला. त्यांच्या सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात लागली होती. ती सोडली, बरोबर लावली. कॉलर सारखी केली.

ते ढसाढसा रडले. मावशीही. मी रडले नाही. मला कळलं. ती वाईट नाही. ती मला धरून बसलेली नाही. तिला मी दिसतच नाही.

जाताना म्हणाले, तू माधवनगरला येऊ नगंस, काय बी झालं तरी. दार लावून घेतो मी.

२३ डिसेंबर

डाव्या हाताला ठिपका. अंगठ्याच्या मुळाशी.

२४

आरशात गळ्यापर्यंत. ट्रंक भरली. आटपाडीची गाडी सकाळी —

सरांचा फोन. काहीतरी सापडलंय म्हणाले, चौदाला थांबवणारं, दोन आठवडे दे. दोन आठवडे —

२५

सातारा स्टँड. मी इथं कशी? शिरवळहून आटपाडीची गाडी धरायची होती. कंडक्टरला म्हणे मीच सांगितलं. ‘सांगलीस जायाचं हाय.’

आवाज माझा होता. पण मी ‘सांगलीस जायाचं’ असं म्हणत नाही. तसं ती म्हणेल.

२६ बहुतेक

माधवनगर. आजोबांनी दार लावलं होतं. आतली कडी बाहेरून कशी सरकवायची ते हाताला ठाऊक. आजोबा बघत नाहीत माझ्याकडं. भिंतीकडं तोंड करून बसलेत. म्हणतात, रंगू, हे बरं न्हवं.

चूल पेटलीय. मी पेटवली नाही.

कालचं पान उघडलं. ओळी दिसतात. किडे आहेत काळे. ‘आटपाडी’ शोधली. सापडत —

अण्णा, या. लवकर या. हात तोडा —

हळू लिहिते. एकेक अक्षर. डावा पण आता ऐकत

माझं नाव लिहून ठेवते. नाव राहिलं तर कुणाला तरी

माझं नाव स

माझं नाव सम